चारशे डॉलरांचा सांगाडा

बंदुकीशी माझा पहिला संबंध आला तो कॉलेजात एन. सी. सी. मध्ये असताना, आणि तोही खांद्याच्या वाटेने. थ्री-नॉट-थ्री रायफलीने पहिल्याच दिवशी माझ्या उजव्या खांद्यावर जो निळा डाग उठवला, तो आईपासून आठ दिवस लपवून ठेवावा लागला. पुढचे सारे आयुष्य पुण्याजवळच्या एका कारखान्यात टूलरूम फिटर म्हणून कानस, मायक्रोमीटर आणि व्ही ब्लॉक यांच्या संगतीत गेले. त्यात बंदूक कुठेच नव्हती. तेव्हा वयाच्या सत्तरीत, थेट टेक्सासात, भाचेसुनेच्या जेवणाच्या टेबलावर एक रायफल उताणी टाकून तिच्या नळीखाली दहा रुपयांची नोट सरकवीत बसण्याचा प्रसंग येईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

पण तो आला. आणि त्यातून जे शिकलो ते केवळ बंदुकीपुरते नाही, असे वाटल्यावरून हा लेख.

२०२४च्या जुलैत मी बहिणीच्या मुलाकडे सॅन अँटोनियोला गेलो. भाचा संगणकाच्या धंद्यातला. त्या वसंतात त्याच्या कंपनीने एका सकाळी पत्र पाठवून त्याला घरी बसवले होते. नवी नोकरी मिळत नव्हती. सूनबाई एका दवाखान्यात हिशेब पाहते, तिच्या पगारावर घर चालले होते. भाचा तोंडाने काही बोलत नसे. दिवसभर अर्ज पाठवी, संध्याकाळी अंगणातले गवत, वाढलेले असो वा नसो, कापी. फक्त शनिवारी सकाळी त्याच्या चेहऱ्यावर थोडा उजेड दिसे. त्या दिवशी तो गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जाई. तिथल्या क्लबात महिन्यातून एकदा शंभर यार्डांवरची स्पर्धा असे.

त्याची रायफल होती ३०८ विंचेस्टर या काडतुसाची. हे काडतूस १९५२ सालचे. आपल्या इशापूरच्या कारखान्यात १९६० नंतरच्या दशकात जी ७.६२ मिलिमीटरची रायफल निघाली, तिच्या काडतुसाचे हे सख्खे भावंडच म्हणा ना. भाच्याने ही रायफल चांगल्या दिवसांत घेतलेली. पण अलीकडे ती नेम धरीना. पाच गोळ्या झाडल्या की कागदावर पाच भोके पाच दिशांना.

"मामा, हिचा दस्ता बदलायला हवा," तो म्हणाला. "आता लाकडी किंवा प्लॅस्टिकचे दस्ते कोणी फारसे वापरत नाही. सगळे चॅसी बसवतात." आणि त्याने मला जी चॅसी दाखवली तिची किंमत होती बाराशे डॉलर. म्हणजे आपल्या हिशेबाने एक लाख रुपये!

सूनबाई पलीकडे पोळ्या लाटत होती. तिने लाटणे थांबवले आणि शांतपणे निकाल दिला: "चारशे डॉलर. करासकट. त्यावर एक डॉलर नाही. नाहीतर रायफल विकून टाकायची."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. रायफल गेली तर त्याचा शनिवारही जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मी म्हटले, "आधी ते यंत्र मला उघडून दाखव पाहू."

दाराच्या कडीसारखे यंत्र

ज्या वाचकांनी बंदूक जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल ही जुन्या वाड्याच्या दाराच्या कडीसारखी चालते. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, की झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते. मूठ पुढे ढकलायची, नवे काडतूस आत जाते. मूठ खाली पाडायची, की कडी लागली. जर्मनीत १८९८ साली माउझरने ही रचना जी पक्की केली, तिच्यात आजवर मूलभूत फरक फारसा पडलेला नाही.

अशा रायफलीचे दोन भाग. एक लोखंडाचा: नळी, तिच्या मागची पेटी आणि आतली कडी. दुसरा तो दस्ता, जो आपण हातात धरतो आणि खांद्याला लावतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक म्हणजे ती नंबर कोरलेली लोखंडी पेटी. दस्ता हा नुसता सुटा भाग. त्यामुळे तिथे तो प्रेशर कुकरसारखा टपालाने घरी येतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याचा अंमल आहे. बंदुकीला परवाना लागतो आणि तिची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. तेव्हा हा लेख वाचून कोणी वडिलांची जुनी बंदूक उचकटायला बसू नये, ही विनंती.

आता प्रश्न असा, की गोळी जाते लोखंडातून. मग लाकडाने किंवा प्लॅस्टिकने काय बिघडते?

उत्तर आपल्या बैठकीत आहे. तंबोरा छेडताना तारेला नकळत बोट लागले तर काय होते? सूर बदलतो. काडतूस फुटले की रायफलीची नळीही अशीच थरथरते. दर वेळी ती एकाच तऱ्हेने थरथरली तर गोळ्या एकाच जागी जातात. पण दस्ता नळीला कुठेतरी टेकत असेल, आज थोडा, उद्या जास्त, तर ते तारेवरचे बोट झाले. म्हणून दस्त्याचे काम दोन शब्दांत सांगायचे तर: पेटीला घट्ट धर आणि नळीला शिवू नकोस.

लाकडाला हे नेहमी जमत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आपल्या घरची दारे आषाढात लागत नाहीत, तसेच. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या कारागिरांनी यावर युक्त्या काढल्या होत्या. कुठे नळीच्या टोकाशी मुद्दामच मोजका दाब ठेवायचा, तर कुठे लाकूड फाटू नये म्हणून आडवा स्क्रू घालायचा. इशापूरच्या पुष्कळ रायफलींच्या दस्त्यात असा आडवा स्क्रू दिसतो. पुढे प्लॅस्टिक आले. ते फुगत नाही. पण स्वस्त प्लॅस्टिक वाकते, आणि भाच्याच्या रायफलीचा दस्ता होता स्वस्त प्लॅस्टिकचा.

आधी रोग, मग औषध

कारखान्यात आमचे जुने फोरमन सांगत, "यंत्र बिघडले की पहिला संशय सर्वांत स्वस्त भागावर घ्यावा." मी भाच्याला म्हटले, "दस्त्याला फाशी देण्याआधी त्याच्यावर खटला तर चालवू."

पुढच्या शनिवारी मैदानावर त्याने पाच-पाच गोळ्यांचे तीन गट झाडले. एका गटावरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका शितावरून भाताची नव्हे, साऱ्या लग्नाची परीक्षा! तिन्ही गटांतली सर्वांत दूरची भोके सरासरी साडेतीन इंचांवर होती. शंभर यार्डांवर चांगल्या रायफलीकडून इंचभराची अपेक्षा ठेवतात.

मग रायफल रिकामी केली, कडी बाहेर काढून बाजूला ठेवली, आणि मी वरची दुर्बीण दोन बोटांत धरून हलवली. ती हलली! पुढच्या कड्याचा स्क्रू सैल. भाचा ओशाळला. स्क्रू योग्य जोराने आवळला आणि पुन्हा तीन गट झाडले: सव्वादोन इंच. म्हणजे सव्वा इंचाचा रोग एका स्क्रूत होता आणि त्याचे औषध फुकट होते. बाराशे डॉलरांची चॅसी घेतली असती तर हा स्क्रू कदाचित तिच्या बरोबरच आवळला गेला असता, आणि सारे श्रेय चॅसीला मिळाले असते.

पण उरलेले सव्वादोन इंच? इथे दहा रुपयांची नोट कामी आली. नळी आणि दस्ता यांच्या फटीत नोट घालून ती नळीच्या मुळापर्यंत सरकवायची. सरकली तर नळी मोकळी. आमची नोट टेबलावर आरामात सरकली. मग मी रायफल तिच्या पुढच्या दोन पायांवर उभी केली आणि भाच्याला म्हटले, "नेम धरताना देतोस तसा भार दे." त्याने खांद्याने भार दिला मात्र, नोट अडकून बसली! दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकत होता. दर गोळीला भार वेगळा, म्हणून टेकणे वेगळे, म्हणून भोक वेगळे.

तिसरी तपासणी माझ्या धंद्यातली. शेजारच्या मोटार दुरुस्तीवाल्याकडून डायल गेज आणले, त्याचे पाऊल दस्त्यावर आणि सुई नळीवर ठेवली, आणि पेटी आवळणारा पुढचा स्क्रू हळूहळू सोडला. पेटी नीट बसलेली असेल तर सुई जेमतेम हलते. एक-दोन हजारांश इंच ठीक. आमची सुई नऊ हजारांश फिरली. याचा अर्थ, पेटी दस्त्यात बसलेली नव्हती, तर स्क्रूच्या जोरावर वाकवून बसवलेली होती.

आता खटला पुरा झाला. दोष दस्त्याचाच होता, पण सगळा नाही.

"इपॉक्सी ओतून बसवता नाही का येणार?" सूनबाईने विचारले. प्रश्न रास्त होता. पेटीखाली इपॉक्सीचा लेप देऊन तिला हुबेहूब बैठक करायची ही जुनी आणि उत्तम रीत आहे, आणि तिला खर्च येतो तीस-चाळीस डॉलरांच्या सामानाचा. दस्ता चांगल्या लाकडाचा किंवा फायबर ग्लासचा असता तर मी तेच सुचवले असते. पण या जातीच्या गुळगुळीत प्लॅस्टिकला इपॉक्सी धड चिकटत नाही, आणि चिकटली तरी पुढचा भाग वाकायचा तो वाकणारच. पाया मुरमाचा करून उपयोग काय, जर भिंतच पुठ्ठ्याची असेल?

जुना मित्र भेटला

चॅसी हा शब्द आपण ट्रकमुळे ओळखतो. नुसत्या सांगाड्यावर इंजिन आणि चाके, आणि डोक्याला फडके गुंडाळलेला ड्रायव्हर. असे ट्रक पुणे-मुंबई रस्त्यावर आपण पाहिलेले आहेत. रायफलीची चॅसीही तशीच: अ‍ॅल्युमिनियमचा एक ताठ सांगाडा. त्यावर लोखंडी पेटी दोन स्क्रूंनी आवळायची. मूठ, गालाची गादी, खांद्याची पट्टी हे सारे त्या सांगाड्याला लटकवलेले.

भाच्याने एका चॅसीचे चित्र मोठे करून दाखवले आणि मी जवळजवळ ओरडलोच. पेटी जिथे बसते तिथे चक्क व्ही ब्लॉक होता! चाळीस वर्षे ज्याच्या कुशीत गोल शाफ्ट ठेवून मी मापे घेतली तोच. गोल वस्तू सपाट जागेवर गडगडते, गोल खाचेत खाच तंतोतंत नसेल तर डगमगते. पण इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेत ती दोन रेघांवर टेकते आणि दर वेळी त्याच जागी बसते. रेमिंग्टन ७०० ही १९६२ साली निघालेली रायफल. तिची पेटी नळकांड्यासारखी गोल, आणि पुढे अनेक कंपन्यांनी त्याच मापाच्या पेट्या काढल्या. भाच्याची रायफल त्याच धर्तीची, दुसऱ्या एका कंपनीची. अशा गोल पेटीला व्ही ब्लॉक म्हणजे गादीवर निजवणे. इपॉक्सी नको, कानस नको. पेटी ठेवा, मागे सारून टेकवा, स्क्रू आवळा.

आणि इथेच किमतीचे रहस्य उलगडले. व्ही ब्लॉक कापायला संगणकी यंत्राला फार तर काही मिनिटे लागतात. तो तीनशे डॉलरांच्या चॅसीतही असतो आणि बाराशेच्याही. पेटीला धरण्याचे मुख्य काम दोन्ही जवळजवळ सारखेच करतात. वरचे नऊशे डॉलर जातात ते हाताने फिरवायच्या चाव्या, वजन घालायच्या जागा, घडी होणारा दस्ता आणि रंगरूप यांसाठी. ज्याला दर दीड मिनिटाला नव्या अडथळ्यावर रायफल टेकून नेम धरायच्या स्पर्धा खेळायच्या आहेत, त्याला त्या सोयी हव्यातच. महिन्यातून एकदा शंभर यार्डांवर झोपून नेम धरणाऱ्याला त्या नसल्या तरी चालते.

ऑलिंपिकची देणगी

मौज अशी की ही चॅसीची कल्पना लोकप्रिय केली ती एका ऑलिंपिक नेमबाजाने. इंग्लंडच्या माल्कम कूपरने १९८४ साली लॉस एंजेलिसला आणि १९८८ साली सोलला, दोन्ही वेळा पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्यानेच सहकाऱ्यांसह अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल ही कंपनी काढली. १९८०च्या दशकात ब्रिटिश सैन्याने या कंपनीची जी रायफल घेतली, तिचा गाभा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि वरून प्लॅस्टिकच्या दोन फाकी. पुढे कंपनीने रेमिंग्टन ७०० च्या मालकांसाठीही तसा सांगाडा काढला. त्यात बसणारी काडतुसांची पेटी इतकी चालली की आज इतर कंपन्याही आपापल्या चॅसीला तेच माप ठेवतात.

आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी, आम्ही टीव्हीसमोर बसलेलो असताना, त्याच पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ४५१.४ गुण मिळवून पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले! या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. रेल्वेत तिकीट तपासणारा हा मुलगा गुडघ्यावर, पालथा आणि उभा, अशा तिन्ही आसनांत शांतपणे नेम धरत होता. लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास किती? अवघा १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा!

सूनबाई पडद्याकडे टक लावून पाहत होती. तिला पदकापेक्षा स्पर्धकांच्या रायफलींचे नवल. "मामा, ही बंदूक की शिवणयंत्र? जिकडे पाहावे तिकडे स्क्रू आणि दांडे."

"ते स्क्रू बंदुकीसाठी नाहीत, सूनबाई," मी म्हटले. "माणसासाठी आहेत. गाल कुठे टेकणार, खांदा कुठे लागणार, ते ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बसवायला."

ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे कपडे शिवायच्या आधी माप घेतात तसे. मग तुम्ही भाच्याचे माप घेतलेत का?"

मी घेतले नव्हते. टूलरूममध्ये चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला हे एका हिशेबनीस बाईने सांगावे!

हात मोजा, गाल मोजा

त्याच संध्याकाळी फीत निघाली. कोपर काटकोनात वाकवायचे, दस्त्याची मागची कड कोपराच्या खोबणीत टेकायची आणि तर्जनी चापावर सहज पोचते का ते पाहायचे. कारखान्यातून येणाऱ्या दस्त्याची लांबी बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असते. भाचा सहा फुटी, त्याला चौदा हवी होती. दुसरी परीक्षा गालाची: डोळे मिटून, मान न ताणता गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला तर उंची बरोबर. चंद्रकोर दिसली तर चूक. भाच्याला दिसली कोर, तीही द्वितीयेची. गेली दोन वर्षे हा गृहस्थ हनुवटी टेकून, मान लांबवून नेम धरत होता!

मी जुन्या टॉवेलच्या घड्या चिकटपट्टीने दस्त्यावर बांधल्या. पाऊण इंच उंची वाढवल्यावर पूर्ण गोल दिसला. खर्च शून्य. आता आम्हाला ठाऊक झाले, की चॅसीत गालाची गादी निदान पाऊण इंच वर यायला हवी आणि लांबी चौदा इंच व्हायला हवी. ही दोन मापे खिशात नसताना जो बाजारात जातो, तो विक्रेत्याच्या मापाने कपडे शिवून येतो.

तीन स्थळे

चारशे डॉलरांच्या आत-बाहेर पाहण्याजोगी स्थळे तीन निघाली.

पहिले मॅगपुलचे हंटर ७००. खरे तर हा दस्ताच, जाड ताठ प्लॅस्टिकचा, पण पोटात पेटीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. सर्वांत स्वस्त, वजनाला बेताचे, थंडीत गालाला चटका न देणारे. मागे पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. पण गालाची उंच गादी वेगळी विकत घ्यायची, आणि काढघाल होणारी काडतूस-पेटी हवी तर तिचे घरही वेगळे. रानात फिरणाऱ्या शिकाऱ्याला हे उत्तम.

दुसरे के. आर. जी.चे ब्राव्हो. आत टोकापासून टोकापर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा कणा, वरून प्लॅस्टिकचे अंग. धरायला नेहमीच्या दस्त्यासारखे वाटते, पण वाकत नाही. गालाची गादी आणि लांबी दोन्ही बदलता येतात.

तिसरे कॅनडातल्या एम. डी. टी.चे ओरिक्स. उघडा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. ट्रकची चॅसी म्हणतात ती हीच. गादी, लांबी दोन्ही बदलतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रायफलींसाठी मिळते. वजन मात्र जास्त. स्पर्धेत वजन चांगले, रायफल उसळत नाही. डोंगर चढताना तेच वजन शत्रू.

स्थळ पाहताना विचारायचे प्रश्नही आम्ही कागदावर लिहून ठेवले. आपल्या पेटीचा नमुना कोणता? लहान पेटी की लांब? ३०८ ला लहान लागते. डावखुरे की उजवे? आपली नळी जाड असेल तर तिच्या खाचेत मावते का? काडतूस-पेटी बरोबर येते की वेगळी? पुढे दोन पाय अडकवायला सोय आहे का? यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर चुकले की स्वस्त वस्तू सर्वांत महाग पडते, कारण परत पाठवायचे टपालही आपलेच.

आणि एक गोष्ट: सेकंडहँडला नाक मुरडू नये. नळी झिजते, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा सहसा झिजत नाही. स्क्रूची भोके, व्ही ब्लॉकच्या कडा आणि सरळपणा पाहून घेतला तर दुसऱ्याची टाकलेली चॅसी नव्याइतकीच कामाची.

एकोणतीस डॉलर पंचाहत्तर सेंट

आम्हाला दुसऱ्या जातीची, कणा आत आणि अंग वर अशी एक नवी चॅसी सवलतीत तीनशे एकोणपन्नास डॉलरांना मिळत होती. भाचा खूष. सूनबाईने पेन्सिल घेतली. तिथला कर शेकडा सव्वाआठ, म्हणजे २८.७९. काडतूस-पेटी वेगळी: ४८ आणि तिच्यावर कर, ५१.९६. एकूण ४२९.७५. पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "एकोणतीस डॉलर पंचाहत्तर सेंट जास्त." आवाजात राग नव्हता, पण मीठही नव्हते.

घरात दोन दिवस कोणी चॅसीचे नाव काढले नाही. तिसऱ्या दिवशी भाचा मैदानावरून जरा घाईने आला. त्याचा जुना प्लॅस्टिकचा दस्ता क्लबातल्या एका म्हाताऱ्याने चाळीस डॉलरांना मागितला होता. त्याला नातवासाठी कापून आखूड करायचा होता. ४२९.७५ वजा ४०. सूनबाईने बेरीज-वजाबाकी दोनदा तपासली. ३८९.७५. "मागवा," ती म्हणाली.

खोके आले. रायफल पुन्हा रिकामी आहे ना हे दोघांनी पाहिले, कडी काढली, पेटी व्ही ब्लॉकवर ठेवली. मग मी रायफल उभी धरून तिला दस्त्याच्या टोकावर हलकेच आपटवली, म्हणजे धक्का झेलणारा कान मागच्या भिंतीला नीट टेकतो. मगच स्क्रू, आधी बोटाने, मग मोजणीच्या पान्याने, कंपनीने सांगितलेल्या जोरापर्यंत. आमच्या चॅसीला तो पासष्ट इंच-पौंड होता. अंदाजाने आवळू नये. पुढचा कमी आणि मागचा जास्त झाला की आपण पुन्हा पेटी वाकवायला लागलो. शेवटी रायफल पायांवर उभी केली, भार दिला आणि दहाची नोट घातली. ती सरसरत मुळापर्यंत गेली.

पुढच्या शनिवारी पाच-पाचचे तीन गट झाडले. सरासरी सव्वा इंच.

हिशेब मांडायचा तर असा: साडेतीनाचे सव्वादोन झाले ते एका सैल स्क्रूमुळे, फुकट. सव्वादोनाचे सव्वा झाले ते चॅसीमुळे, आणि त्यातही गालाच्या गादीचा वाटा किती आणि व्ही ब्लॉकचा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. बाराशेच्या चॅसीने कदाचित आणखी दोन सूत कमी केले असते, कदाचित नसतेही. त्या दोन सुतांसाठी नोकरी नसलेल्या माणसाने आठशे डॉलर घालावेत काय? त्या पैशांतून कितीतरी काडतुसे येतात, आणि नेम सुधारतो तो काडतुसांनी.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण ऑक्टोबरात एका शनिवारी सूनबाई आमच्याबरोबर मैदानावर आली. "बघू तरी माझे चारशे डॉलर कसे दिसतात." तिच्या उंचीला चौदा इंची दस्ता लांब होत होता. मी मागच्या पट्ट्या काढल्या, गादी थोडी खाली घेतली. पाच मिनिटांत रायफल तिच्या मापाची झाली. जुन्या दस्त्यात हे होणे नव्हते. भाचा शेजारी बसून तिला श्वास कधी रोखायचा, चाप कसा लिंबू पिळल्यासारखा हळू दाबायचा, हे सांगत होता. गेल्या तीन महिन्यांत मी त्याला एका दमात इतके बोलताना ऐकले नव्हते. तिने पाच गोळ्या झाडल्या. चार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या. पाचवी जरा लांब गेली. ती म्हणाली, तेव्हा माशी आली होती.

परत येताना गाडीत दोघांचे भांडण चालले होते, की पुढच्या स्पर्धेत नाव कोणाचे द्यायचे. मी मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होतो. नोकरीचा प्रश्न सुटला नव्हता. पण शनिवार वाचला होता, आणि आता त्यात दोन माणसे होती.

दिवाळी करून मी पुण्याला परतलो. ती दहाची नोट अजून पाकिटात आहे, मधोमध तेलाचा डाग पडलेली. भाजीवाली घेत नाही. मीही आग्रह करत नाही. कोणी नवी महाग वस्तू घेण्याचा सल्ला विचारायला आला, की मी ती काढून दाखवतो आणि विचारतो: जुन्या वस्तूचा सैल स्क्रू पाहिलात का? आणि स्वतःचे माप घेतलेत का? बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतात.